डाव्या नळीचा चोक

चिंचवड स्टेशनबाहेरच्या हातगाड्यांवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसू लागल्या, की मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालायला लागते. मला तो वास नको असतो. ओल्या हरभऱ्याच्या पाल्याला एक आंबट, बोचरा वास असतो. पहाटेच्या दवात ती आंब पानांवर उतरते आणि शेतातून नुसतं चालत गेलं तरी नडग्या चुरचुरतात. लहानपणी आम्ही पाल्यावरून बोटं फिरवून ती चाटत असू. दादा ओरडायचा, "माले, पुरे आता, दात आंबतील." दादाला जाऊन या महिन्यात वर्ष होईल. ती चव अजून जिभेवर येते, पण तिच्यामागोमाग आणखी एक गोष्ट येते. ती मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही.

मला काही वर्षांपासून एक संशय आहे. माझ्या सख्ख्या भावाने मोर मारला, असा.

मोर मारणं हा गुन्हा आहे, हे मला माहीत आहे. पण मला टोचत राहतं ते गुन्ह्याचं नाही. ज्याने मला सायकल शिकवली, माझ्या शिक्षणासाठी वडिलांशी भांडण घेतलं, त्या माणसाकडे मी शेवटची वर्षं चोरून पाहत होते. त्याने खरंच काही केलं असेल, तर माझं पाहणं बरोबर होतं. केलं नसेल, तर मी काय केलं? या प्रश्नाचं उत्तर घेऊन तो गेला आणि मी हरभऱ्याच्या गाड्या टाळत फिरते आहे.

चाकणजवळच्या निघोज्यातली आमची जमीन बरीचशी कारखान्यांत गेली. उरली अडीच एकरांची पट्टी. तिच्या तीन बाजूंना पत्र्याच्या उंच भिंती आणि चौथ्या बाजूला ओढा. ओढ्यापलीकडे झाडी होती, तिथून डुकरं यायची, मोर यायचे. मोरांना पत्र्यांचं काही वाटत नसे. एका गोदामाच्या छपरावर बसून ते केकाटायचे आणि सकाळच्या शिफ्टला निघालेले कामगार खाली थांबून मोबाइलवर त्यांचे फोटो काढायचे. माघात हरभरा घाट्यावर आला, की मोर छपरावरून खाली उतरत. लांडोरी आधी, मोर मागून, लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे. कोवळे शेंडे खुडत, घाटे फोडत ते ओळीने पुढे सरकायचे. वहिनी डबा बडवत धावायच्या. मोर चार पावलं उडायचे आणि पुन्हा बसायचे.

घरात एक दुनळी बंदूक होती. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि वडिलांच्या नावावरून दादाच्या नावावर आलेली, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. तिच्याने डुक्कर पडलेलं मी कधी पाहिलं नाही. दादा हवेत बार काढायचा, डुकरं ओढ्यात पळायची आणि दोन दिवसांनी तीच डुकरं परत यायची. "आता वळख झालीया त्यांची न् माझी," दादा म्हणायचा. "बार ऐकला की म्हणत असतील, आला बघा म्हातारा."

दादा आधी भोसरीत आणि मग चाकणला एका कंपनीच्या टूलरूममध्ये होता. काम बोअरिंगचं. लोखंडाला भोक पाडणं सोपं, सरळ पाडणं अवघड, असं तो सांगायचा, आणि सांगताना अंगठा नि तर्जनी हवेत अशी धरायचा, जणू त्या दोन बोटांमध्ये एक केस आहे. मग कंपनीत नवी यंत्रं आली. ती स्वतःच मापं घेत. दादाच्या वयाच्या माणसांना हार घालून, पाकीट देऊन घरी पाठवलं. तो पहिला हिवाळा त्याने घरातल्या वस्तू मोजण्यात काढला. वहिनींचं लाटणं मध्ये किती जाड, टोकाला किती. पितळी तांब्याचा गळा खरंच गोल आहे का. वहिनी वैतागून म्हणाल्या होत्या, "आता माझं डोस्कं मोजा एकदा, म्हंजी सुटले." घरात अचूक बोअर केलेली एकच वस्तू होती. तो तिच्याकडे वळला यात नवल नव्हतं. हे मला आज समजतं. तेव्हा समजलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्याच्या मोबाइलवर ते अमेरिकन शिकारी आले. मी शनिवारी कॉलेजचं ग्रंथालय बंद करून निघोज्याला जायची, रविवारी परतायची. दादा ओट्यावर पाय पसरून बसलेला असायचा, डोळ्यांपासून लांब धरलेला मोबाइल. पडद्यावर पानांच्या नक्षीचे कपडे घातलेला एक दाढीवाला गोरा माणूस काडतुसं कापून त्यातले छर्रे ताटलीत ओतत असे.

"इंग्रजी कळतं का तुला हे?" मी विचारलं.

"कळायचं काय त्यात? हात बघायचं," दादा म्हणाला. "हे बघ. टर्की हाय ती. मोठा पक्षी. तिकडचा मोरच म्हण की, पिसारा तेवढा आखूड. अंगावर मारून उपेग न्हाई, पिसं लई जाड. डोकं न् मान, एवढंच निशाण. म्हंजी छर्रे एका मुठीत राहिले पायजेत. म्हणून चोक."

चोक म्हणजे काय, ते त्याने मला त्या दिवशी शिकवलं. छर्ऱ्याची बंदूक एक गोळी सोडत नाही, मूठभर दाणे सोडते आणि ते वाटेत फाकत जातात. नळीचं तोंड आतून किंचित आवळलं, तर ते उशिरा फाकतात. त्या आवळण्याला चोक म्हणतात. "पाइपाला बारकी तोटी लावली की धार लांब जाती, तसं," दादा म्हणाला. तिकडच्या बंदुकांना चोक आट्यांचा असतो, नटासारखा फिरवून बदलता येतो. ते लोक कोणत्या काडतुसाला कोणता चोक जुळतो हे ठरवण्यात दिवसच्या दिवस घालवतात. आमच्या बंदुकीचा चोक कायमचा होता. उजवी नळी जवळजवळ मोकळी, डावी घट्ट. दादाने जुन्या मित्राकडून नळीचं आतलं माप घेणारा बोअर गेज मागून आणला होता. "नळी साडेअठरा मिलिमीटर. डावी तोंडापाशी साडेसतरा. एक मिलिमीटर, माले! एवढ्यात सगळा खेळ." त्याचा चेहरा फार दिवसांनी उजळला होता. मला मात्र त्याच्या बोलण्यातला 'मोर' हा एकच शब्द ऐकू आला.

संशय असाच सुरू होतो. ऐकलेल्या दहा शब्दांतला एक तो उचलतो आणि बाकीचे नऊ टाकून देतो.

पुढच्या खेपेला मला गोठ्यामागे तो कागद दिसला. वर्तमानपत्राची दोन पानं खळीने जोडलेली, मध्ये पेन्सिलने काढलेलं मोठं वर्तुळ, वर्तुळात लाल खडूने काढलेलं एका पक्ष्याचं डोकं आणि लांब मान. सगळ्या कागदाला छिद्रं. कोपऱ्यात दादाचं टूलरूममधलं ठाशीव अक्षर: डावी, चार नंबर, चाळीस पावलं. मानेवर नऊ छिद्रं होती. मी ती बोटाने मोजली. नंतर मनात पुन्हा मोजली.

चार नंबर का, हा प्रश्न मला लागून राहिला. डुकरासाठी जी काडतुसं असतात त्यांत मोजकेच, हरभऱ्याच्या दाण्याएवढे छर्रे असतात. चार नंबरचे छर्रे ज्वारीहून बारीक, एका काडतुसात दीडशेच्या वर. डुकराला त्याने खाजसुद्धा सुटणार नाही. आमच्या ग्रंथालयात कुणीतरी देणगी दिलेल्या खोक्यांतलं एक शिकारीवरचं जुनं इंग्रजी पुस्तक होतं. वाळवी लागलेलं, वर्षानुवर्षं कुणी न नेलेलं. ते मी काढलं. मोठ्या पक्ष्यांसाठी चार नंबर आणि घट्ट चोकाची नळी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि माझ्या मनात खटला उभा राहिला. वाचणाऱ्या माणसाच्या संशयाला एक वाईट सोय असते. त्याला संदर्भ सापडतात.

आणखी एक गोष्ट होती. शेजारच्या कारखान्यात तापलं लोखंड ठोकणारा फोर्जिंगचा हातोडा चालायचा. तो पडला की आमच्या ओट्यावरची भांडी थरथरायची. फक्त गुरुवारी, औद्योगिक सुट्टीच्या दिवशी, सगळं शांत असे. डुकरं हाकलायला बार काढायचा तर तो ऐकू गेला पाहिजे. दादा मात्र कागदावरचे बार हातोडा चालू असतानाच काढायचा. मी विचारलं, तर म्हणाला, "लोकांच्या डोळ्यावर कशाला यायचं? उगंच गाव गोळा होतं." हे उत्तर साधं होतं. मला ते साधं वाटलं नाही.

मग तो रविवार. मी ओट्यावर चहा घेत वाचत बसले होते. दव अजून सुकायचं होतं. हातोडा पडत होता, एकसारखा. हातोड्याचा आवाज आधी पायाला कळतो, मग कानाला. त्या ठोक्यांमध्ये एक ठोका कोरडा आला. तो पायाला कळला नाही. मी पुस्तकातून डोकं वर काढलं, थोडा वेळ थांबले, आणि पुन्हा वाचायला लागले. दादा तेव्हा घरात नव्हता.

तासाभराने तोच ओढ्याकडून आला आणि मला हाक मारून हरभऱ्यात घेऊन गेला. झाडं लोळवल्यासारखी पडली होती. पिसं सगळीकडे, हिरवी, तपकिरी, पिसाऱ्यातली डोळ्यांची दोन लांब पिसं चिखलात. पानांवर रक्त होतं. पक्षी नव्हता. दादा उकिडवा बसला. एक पीस उचललं आणि पुन्हा होतं तिथेच, होतं तसं ठेवलं.

"कुत्री," तो म्हणाला.

मी काही विचारलंच नव्हतं.

वनरक्षकाला दादानेच फोन केला, हेही मी लिहायला हवं. एक शांत, तरुण माणूस मोटारसायकलवरून आला. पिसं गोळा केली, ओढ्यापर्यंत जाऊन आला. "ओढत नेलेलं दिसतंय कुत्र्यांनी," तो म्हणाला. "पण जित्याला धरलं का मेल्यावर नेलं, ते पिसांवरून नाही सांगता येत. बंदूक कुणाकडं आहे इथं?" दादाने बंदूक आणून दिली. वनरक्षकाने ती उघडून नळ्यांतून आकाशाकडे पाहिलं, नाकाशी धरली. तेलाचा वास येत होता. "कालच पुसली," दादा म्हणाला. तो दर शनिवारी बंदूक पुसायचा, हे खरं होतं. मग वनरक्षक माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही घरीच होता ना? बार ऐकलात का सकाळी?"

"हातोडा चालू होता," मी म्हणाले. "काही कळलं नाही."

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी तेव्हापासून लावते आहे. कधी वाटतं, ती सुटका होती. कधी वाटतं, मी 'नाही' असं सरळ म्हटलं नाही, हे त्याला कळलं.

प्रकरण तिथेच थांबलं. माझ्या मनात थांबलं नाही. मी निघोज्याला कमी जाऊ लागले. गेले की त्याची बोटं पाहायची. काडतुसांचा डबा कपाटात कुठे सरकला आहे ते पाहायची. त्याने मोबाइल पालथा ठेवला तर का ठेवला, सरळ ठेवला तर तो मुद्दाम का. संशयी माणसाला सुट्टी नसते. मी त्याला एकदाही विचारलं नाही. मी स्वतःला सांगत होते, की विचारलं तर तो दुखावेल. खरं कारण हे, की त्याने 'नाही' म्हटलं असतं आणि मला ते खोटं वाटलं असतं, आणि मग आमच्यात काहीच उरलं नसतं.

गेल्या माघात तो ओट्यावर बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. बंदूक नियमाप्रमाणे चिंचवडमधल्या एका परवानाधारक दुकानात जमा झाली. वारसाने आता ती विकायची, नावावर करून घ्यायची की कायमची मोडीत द्यायची, ते लिहून द्यायचं होतं. वहिनींचा फोन आला. "वन्सं, तुमी या. मला अर्ज लिवता येत न्हाई आन् ती बंदूक मला घरात नको."

परवा आम्ही दोघी गेलो. दुकानात कपाटांपेक्षा कुलुपं जास्त होती. मागच्या बाजूला रशीदचाचा बसतात. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या भागातल्या बंदुका त्यांच्याच घराण्याच्या हातून गेलेल्या. त्यांनी बंदूक उघडली, नळ्या दिव्याकडे धरल्या आणि हसले.

"ये तो मेरा काम है," ते म्हणाले. "ताई, या डाव्या नळीचा चोक मीच काढलाय. आतून रीमर फिरवून, धातू खरवडून. आता दोन्ही नळ्या मोकळ्या. चाळीस पावलांवर हिच्यानं चिमणीसुद्धा पडायची नाही. लग्नात वाजवायला ठीक."

अर्ज भरता भरता माझ्या हातातलं पेन थांबलं. "कधी काढला?"

"साल काही याद नाही. रमजान चालू होता, मला रोजा. चहावाला आला तर तुमचे भाऊ म्हणाले, चाचा, तुमी पाणी पण पीत न्हाई, मी काय चहा पिऊ? दुपारभर असेच बसले समोर. मी खूप सांगितलं, साहेब, एवढा सुंदर चोक, ही बंदुकीची जान आहे. एकदा काढला की परत भरता येत नाही. म्हणाले, काढा. प्रत्येक वेळी रीमर फिरवला की गेज घालून स्वतः माप बघायचे. माप बघताना..." चाचांनी नळ्या खाली ठेवल्या. "माप बघताना त्यांचे डोळे भरून यायचे. मी विचारलं, का काढताय मग? तर म्हणाले, घरात शंका येते."

मी हिशेब लगेच मांडला. सवय जात नाही. तेव्हा रमजान होळीनंतर यायचा, म्हणजे हरभरा निघून गेल्यावर, म्हणजे मोरानंतर. मोराच्या आधी चोक काढला असता तर तो निर्दोष ठरला असता. नंतर काढला, याने काहीच ठरत नाही. ज्याने केलं तोही काढेल, ज्याने नाही केलं तोही काढेल. इतकं झाल्यावरही माझं डोकं हेच करत होतं, याची मला त्या दुकानात लाज वाटली. दादाने आयुष्यात एकदाच एक अचूक माप बिघडवून घेतलं होतं, आणि ते माझ्यासाठी.

बाहेर आलो. रिक्षा मिळेना म्हणून फुटपाथवरच्या एका बाकावर बसलो. बंदूक मोडीत देण्याचा अर्ज माझ्या पिशवीत होता, कारणाचा रकाना अजून कोरा.

"वहिनी," मी म्हणाले, "ते चाचा म्हणाले ना, घरात शंका येते. ती माझी. दादाने मोर मारला असं मला वाटत होतं. आजही मला सांगता येत नाही."



"तुमची न्हवं," वहिनी समोरच्या गाड्यांकडे पाहत म्हणाल्या. "ती माझी. ह्यांनी घरात म्हणलं ते मला म्हणलं."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"मला काय बी ठावं न्हवतं. मोर गेला त्याच्या पुढल्या आयतवारी तुमी आला होता. मी रस्सा केलेला. कोंबडं होतं, मीच चाकणच्या दुकानातनं आणलेलं, माझ्यासमोर कापलेलं. तुमी ताटावर बसला, वाटीकडं बघितलं आन् म्हणला, आज उपास हाय. आयतवारचा कसला वो उपास? तुमी तर कधी एकादस धरत न्हाई. तवा मी म्हणलं, वन्सं शिकलेल्या, त्यांना कायतरी ठावं आसंल. उगं न्हाई ताटावरनं उठायच्या. तवापासनं मी बी ह्यांच्याकडं बघाय लागले. हात कितीदा धुतात, कुटं जातात. एकदा काडतुसं मोजताना ह्यांनी मला धरलं. दुसऱ्या दिशी बंदूक घिऊन बाहीर पडलं."

मला तो रविवार आठवला. दादा तेव्हा म्हणाला होता, "कधीपासनं गं उपास तुझा?" मी काहीतरी पुटपुटले होते आणि हात धुतले होते. त्याने माझी वाटी स्वतःकडे ओढली होती, पण तोही नीट जेवला नव्हता.

म्हणजे मी त्याला वर्षानुवर्षं चिंचवडहून, अधूनमधून जाऊन, संशयाने पाहत होते. वहिनी त्याच्या शेजारी राहून रोज पाहत होत्या. आणि त्यांच्याकडे तो संशय माझ्या एका न खाल्लेल्या वाटीतून गेला होता. त्यात ना छर्रा होता, ना पुस्तकातलं पान.

"तुम्ही त्याला विचारलंत का कधी?" मी म्हणाले.

"न्हाई. मला वाटलं, तुमी इचाराल."

"आणि आता? आता काय वाटतं तुम्हाला?"

वहिनींनी पदर डोक्यावरून पुढे घेतला. "आता काय बी वाटलं तरी कुनाला सांगायचं, वन्सं? ऐकून घ्यायला मानूस कुठाय."

मी पिशवीतून अर्ज काढला आणि गुडघ्यावर ठेवून कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'परवानाधारकाने हे शस्त्र हयातीतच निरुपयोगी करून ठेवले आहे.' वाक्य वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी त्याखाली सावकाश, एकेक अक्षर जोडत, सही केली. तेवढ्यात रिक्षा आली. वहिनी आधी चढल्या, कोपऱ्यापर्यंत सरकल्या आणि माझ्यासाठी निम्म्याहून जास्त जागा सोडून बसल्या.